देणारा पाय

लोक अजूनही माझा डावा पाय बघायला मागतात. कॅन्सर त्या पायात झाला होता, त्यामुळे त्याला मान आहे. मी पायजमा गुडघ्यापर्यंत वर करतो, लोक नडगीवरचा तो फुगीर चौकोन बोटाने दाबून बघतात, "वा" म्हणतात आणि चहा पिऊन जातात. उजवा पाय दाखवा असं आजवर एकानेही म्हटलेलं नाही. उजव्याला मुळात काही झालंच नव्हतं. त्याने आपल्या पोटरीचं कातडं आणि खालचा थर डाव्याला दिला, आणि मग ती रिकामी झालेली जागा बंद व्हायलाच तयार होईना. कॅन्सरने मला जेवढं घाबरवलं नाही तेवढं त्या जागेने घाबरवलं. हे लिहिणं तिच्याबद्दल आहे.

मी नागपूरजवळच्या खाप्याचा विणकर, दिगंबर. मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि मागावर बसलो. आमचा माग खड्ड्याचा. विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि दोन पायांनी दोन पावड्या आळीपाळीने दाबतो. एक पावडी दाबली की अर्धे धागे वर, दुसरी दाबली की उरलेले. दोन्ही पाय धड नसतील तर हात कितीही चांगला असो, खड्ड्यात उतरायचं काम नाही. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

खळीचा डाग

सुताला पिठाची खळ पाजल्याशिवाय उभ्या धाग्यांचा ताणा मागावर टिकत नाही. आमच्या अंगणात मोठ्या पातेल्यात खळ उकळायची. मी सहा वर्षांचा असताना बाबा ते पातेलं उचलून नेत होते आणि मी शेळीच्या पिल्लामागे धावत त्यांच्या पायात आलो. डावी नडगी गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत भाजली. जखम भरली, डाग राहिला. चकचकीत, आखडलेला, घाम न येणारा. खड्ड्याची कड त्याच जागी घासायची. तीस वर्षं मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

मग तिथे एक फोड आला आणि फुटला. हळद झाली, मलम झालं, कोणी सांगितला तो पाला झाला. आठ महिने मी स्वतःची समजूत काढत राहिलो, कारण ऐन लग्नसराईचं काम हातात होतं. शेवटी जखमेच्या कडा फुलकोबीसारख्या वर यायला लागल्या, तेव्हा गावच्या डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाले, "उद्याच नागपूरले जा गा. परवा नको."

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासायला पाठवला. निकालाच्या दिवशी बाबा सोबत होते. सर्जन साहेब उंच, किडकिडीत, कमी बोलणारे. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "हा डाग कशाचा?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. "खळ सांडली होती साहेब. माह्या हातची."

"जुन्या भाजल्याच्या डागावर कधी कधी कॅन्सर होतो. यांना तोच झालाय." साहेब माझ्याकडे बघून बोलत होते. "अजून हाडात गेलेला दिसत नाही. वेळ आहे."

कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर माणसाला काय वाटतं ते मला विचाराल, तर मला आधी राग आला. बाबांचा. रोग मला झाला होता आणि अपराध्यासारखं तोंड ते करून उभे होते. एसटीत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. ते खिडकीबाहेर बघत होते. खापा येईपर्यंत माझी पिशवी त्यांनी मांडीवर धरून ठेवली होती.

तीन ठिकाणी घाव

साहेबांनी दोन रस्ते सांगितले. एक, पाय गुडघ्याखाली काढून टाकायचा. दुसरा, रोगाची जागा हाडापर्यंत कोरून काढायची आणि तिथे उजव्या पोटरीचा जाड तुकडा बसवायचा. तो तुकडा एका बाजूने उजव्या पायाला जोडलेलाच ठेवायचा, म्हणजे त्याला रक्त मिळत राहील. त्यासाठी दोन्ही पाय प्लॅस्टरमध्ये एकमेकांना बांधून तीन आठवडे पडून राहायचं. तुकडा डाव्याला रुजला की उजव्यापासून कापून सोडवायचा.

बाबांनी एकच प्रश्न विचारला. "आन् उजव्या पायाची जागा मंग कायनं भरते?"

"तिथे मांडीची पातळ कातडी काढून लावतो. मांडी आपोआप भरून येते."

म्हणजे रोग एका ठिकाणी आणि घाव तीन ठिकाणी. बायकोने, कमलने, हे घरी ऐकलं आणि हातातली सुताची कांडी खाली ठेवली.

"एक पाय गेला तं कुबडी घेऊन चालता येते," ती म्हणाली. "चांगल्या पायाले काहून हात लावू देता? तोही गेला तं काय करान तुम्ही?"

"कुबडी घेऊन पावडी दाबता येत नाही."

"मले पावडीचं नका सांगू. मले माणूस पाहिजे."

ती चूक बोलत होती असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण मी सही करून आलो. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने दवाखान्याची पिशवी भरली आणि त्यात आपल्या कुंकवाच्या पेटीतला छोटा आरसा टाकला. "कायले?" म्हटलं, तर म्हणाली, "पडल्या पडल्या दाढी करा."

बांधलेले दिवस

त्या तीन आठवड्यांचं फार लिहीत नाही. दोन्ही पाय एका प्लॅस्टरमध्ये, मधे एक खिडकी ठेवलेली. सकाळी पाच वाजता थर्मामीटर, सात वाजता चहा, नऊ वाजता साहेबांची फेरी. साहेब खिडकीतून तुकड्यावर बोट दाबायचे, सोडायचे आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघायचे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो. भांडं मागायला पहिल्या दिवशी मला लाज वाटली, चौथ्या दिवशी नाही. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगतो, लाज लवकर जाते. कंबरदुखी मात्र जात नाही.

उन्हाळा पेटला होता. वॉर्डाच्या खिडक्यांना वाळ्याच्या टट्ट्या लावल्या होत्या, पण त्यांच्यावर पाणी मारायला कोणाला वेळ नव्हता. बाबांनी ते काम स्वतःहून अंगावर घेतलं. दर तासाला बादली घेऊन फिरायचे, आणि पाणी शिंपडायचीही त्यांची खास पद्धत होती. बोटं एकत्र करून, हात हलकेच झटकून, सगळीकडे सारखं. उन्हाळ्यात मागावरचा ताणा वाळून धागे पटापट तुटायला लागले की ते असाच ओला हात फिरवायचे. सगळा वॉर्ड त्यांना दुवा द्यायचा. वॉर्डाच्या सिस्टर केरळच्या, आमच्याशी हिंदीतच बोलायच्या. त्या बाबांना "पानीवाले बाबा" म्हणायला लागल्या.

तीन आठवड्यांनी पाय सोडवले. तुकडा डाव्या नडगीवर जिवंत होता, गुलाबी, गरम. कापलेल्या जागेच्या कडा तपासल्या, त्यांतही रोग उरलेला नव्हता. कमलने वॉर्डात पेढे वाटले. त्याच दुपारी साहेबांनी उजव्या पोटरीची पट्टी सोडली. मांडीची लावलेली कातडी अर्ध्याहून जास्त गळून गेली होती. मला दिसत नव्हतं. मी कमलचा आरसा मागितला आणि तिरपा धरून पाहिलं. तळहाताएवढी लाल, ओली जागा, मांसाच्या दुकानात असते तशी. पेढा तोंडात तसाच राहिला.

"इथे पुन्हा लावावी लागेल," साहेब म्हणाले. "ही जागा बंद झाल्याशिवाय तुम्हाला उभं करणार नाही. उघडी राहिली तर स्नायूत पू जाईल."

ओला हात

दुसऱ्यांदा मांडी सोलली. या खेपेला साहेबांनी नव्या कातडीवर कापसाचा गोळा ठेवला आणि कडेचे टाक्याचे लांब धागे त्याच्यावर ओढून गाठी मारल्या. गाठोडं बांधतात तसं. पाय लोखंडी आधारावर उंच टांगला. मला आणि बाबांना दोघांनाही समजावून सांगितलं, "पाच दिवस याला कोणी हात लावायचा नाही. धागे ओढलेलेच राहिले पाहिजेत, त्या ओढीनेच कातडी खाली दबून राहते."

आम्ही दोघांनी माना डोलावल्या. ऐकलंही नीट. पण साहेबांच्या तोंडून ‘कोरडं’ हा शब्द निघाला नाही. त्यांना तो सांगण्यासारखा वाटला नसेल.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात भट्टी होती. गाठोड्यातलं रक्त वाळून कडक झालं आणि पोटरी अशी ओढायला लागली की मला दुसरं काही सुचेना. बाबा टट्ट्या भिजवून आले, तेव्हा मी कण्हत होतो.

"काय गा, दुखून राहिलं का?"

"भलतं ओढून राहिलं बाबा. धागे तुटतीन आता."

हे वाक्य मी बोललो, हे मला नीट आठवतं. विणकराच्या घरात या वाक्यावर काय करतात ते दोघांच्याही हाडीमाशी खिळलेलं होतं. बाबांनी वाकून धागे बघितले. कोरडे, ताठ, तुटायला आलेल्या ताण्यासारखे. त्यांनी बादलीत बोटं बुडवली आणि हात हलकेच धाग्यांवरून फिरवला. सगळीकडे सारखा.

थंड वाटलं. ओढ सैल झाली. मी म्हटलं, "अजून जरा."

चौथ्या दिवशीही आम्ही तेच केलं. दोन वेळा. बापलेकांना आपण फार शहाणपणा केला असं वाटत होतं. कातडी ओढीने फाटू नये म्हणून आपण ती सांभाळतोय, असंच आमच्या डोक्यात होतं.

पाचव्या दिवशी सिस्टरने गाठी कापल्या. कापूस उचलला तसा एक गोडसर, कुजका वास आला आणि कापसाला हिरवट रंग दिसला. नवी कातडी जागेवरून सरकून शेवाळासारखी कापसालाच चिकटून आली. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने तोंड फिरवलं.

"पानी किसने लगाया?" सिस्टरने विचारलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त भीती वाटली.

बाबा पायथ्याशी बादली घेऊन उभे होते. त्यांच्या हातून कडी सुटून खणकन आवाज झाला.

"मी लावलं," मी म्हटलं.

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं, मग टांगलेल्या पायाकडे, मग बाबांकडे. त्या साहेबांना बोलवायला गेल्या. साहेब आले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते थंडपणे म्हणाले की आता या जागेत जंतू शिरले आहेत, ते जाईपर्यंत कातडी लावता येणार नाही आणि पू पोटरीच्या आत उतरला तर काय करावं लागेल याचा विचार मी करून ठेवावा. कमल उशाशी उभी होती. तिने लग्नानंतर पहिल्यांदाच चारचौघात माझा हात धरला. घट्ट, नखं रुतेपर्यंत.

व्हरांडा

त्या दिवसापासून बाबा वॉर्डात आले नाहीत. बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायचे. टट्ट्या वाळल्या. लोक विचारायचे, पानीवाले बाबा कुठे गेले. मी म्हणायचो, त्यांना लू लागली.

पट्टी रोज दोनदा बदलायची. सिरक्यासारख्या आंबट वासाच्या पाण्याने जखम धुवायची. त्या वेळी मी चादरीचा कोपरा दातात धरायचो. रोज आरसा धरायचो आणि रोज हिरवा रंग थोडा तरी असायचा. ताप चढायचा, उतरायचा. डावा पाय, ज्याच्यासाठी एवढं चाललं होतं, तो शेजारी निवांत पडलेला. मला त्याचा अक्षरशः राग यायचा. घेणारा ठणठणीत आणि देणारा कुजत पडलाय, हा कुठला न्याय? दोन्ही पाय नसलेला माणूस खड्ड्याच्या कडेला बसलाय, असं मला डोळे मिटले की दिसायचं. मी रडलो. शेजारच्यांनी पाहिलं. पाहू दे म्हटलं.

चौथ्या का पाचव्या दिवशी कमलने पाय पुसता पुसता हळूच विचारलं, "तुमचा हात पोचते का तिथवर?"

टांगलेल्या पायाच्या पोटरीला माझा हात पोचत नव्हता. तिने ते पहिल्याच दिवशी ताडलं होतं.

"मीच म्हटलं होतं त्यायले," मी म्हणालो. "अजून जरा, असं."

"मले माहीत हाये. पण ते चार दिवसांपासून जेवून नाही राहिले."

ती उठली, डब्यातली भाकर आणि झुणका घेऊन व्हरांड्यात गेली. दार उघडं होतं, मला ऐकू येत होतं.

"मामाजी, जेवा."

"भूक नाही वं."

"तुमी नाही जेवले तं ते बी जेवणार नाही. मंग जखम कायनं भरन?"

डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "पहिले बी माह्याच हातानं झालं, आता बी माह्याच हातानं." कमल त्यावर काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. पण डबा रिकामा परत आला.

बुट्ट्या

हिरवा रंग जायला जवळपास तीन आठवडे लागले. एका सकाळी आरशात जागा नुसती लाल दिसली, स्वच्छ, बारीक दाणेदार. साहेबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "आता ही तयार आहे."

या वेळी त्यांनी अख्खी कातडी लावली नाही. पोस्टाच्या तिकिटाएवढे तुकडे केले आणि मधे मधे जागा सोडून लावले. कातडीखाली पाणी साचलं तर मधल्या फटींतून निघून जाईल, एक तुकडा गेला तरी बाकीचे राहतील, असं त्यांनी सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी ‘कोरडं’ हा शब्द तीनदा उच्चारला.

पुढचे पाच दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब. खाज सुटली तरी मी बोललो नाही. ओढलं तरी बोललो नाही. बोललो तर कोणीतरी मायेने काहीतरी करेल, या भीतीने मी दात आवळून पडून राहिलो. पाचव्या दिवशी सिस्टर पट्टी सोडायला आल्या तेव्हा मी कमलला म्हटलं, "बाबाले आत बोलाव."

बाबा दारातच उभे राहिले. हात पाठीमागे बांधलेले. पट्टीचा शेवटचा पदर निघाला. वास आला नाही. सिस्टरने चिमट्याने एका तुकड्याची कड हलवून बघितली, तुकडा हलला नाही. दुसरा हलला नाही. मग त्यांनी स्वतः आरसा धरला. लाल जमिनीवर फिकट गुलाबी चौकोन, ओळीने, पातळाच्या अंगावर बुट्ट्या उठाव्यात तसे.

"बाईस लगाये थे," सिस्टर म्हणाल्या, "बीस पकड़ लिये."

मी बाबांकडे पाहिलं, पण ते तोवर व्हरांड्यात गेले होते. मग बादलीचा आवाज आला आणि थोड्या वेळाने खिडकीची टट्टी ओली झाली. बाहेरून.

नंतर रोज बुट्ट्यांमधली जागा कडेकडेने भरत गेली. जागा पूर्ण बंद झाली तेव्हा मृग लागून गेला होता. साहेबांनी मला उभं केलं. दोन्ही पायांवर. मी दहा पावलं चाललो आणि खाटेवर येऊन बसलो. ज्यांच्या घरी असं ऑपरेशन ठरेल त्यांनी डॉक्टरांना जिथे लावणार तिथलं तर विचारावंच, पण जिथून घेणार तिथलं आधी विचारावं. ती जागा कशी बंद करणार, किती दिवस लागतील, हात लावायचा का, पाणी चालतं का. मूर्खासारखे वाटणारे प्रश्नही विचारावेत. आम्ही तो एक विचारला नाही.

खड्ड्यात

मी मागावर परत बसलो तो दिवाळीनंतर. उजव्या पोटरीत जोर कमी होता, पावडी दाबताना पाय लटपटायचा. कातडी पातळ, म्हणून कमलने जुन्या लुगड्याची पट्टी शिवून दिली ती बांधून बसायचो. आधी तासभर, मग दोन तास. होळीपर्यंत मी दिवसाला पूर्वीच्या निम्मं विणायला लागलो.

बाबा समोर बसून कांड्या भरायचे. पण माझ्या ताण्याला ते हात लावत नसत. धागा तुटला तर कमलला हाक मारायचे. पाण्याचं भांडं मागाजवळून त्यांनी उचलून चुलीपाशी नेऊन ठेवलं होतं. मी ते बघत होतो. आम्ही दोघेही बोलण्यात कच्चे.

चैत्रात हवा वाळली. एका दुपारी एका वितीत सात धागे तुटले. मी जोडत होतो, पुन्हा तुटत होते. कमल कन्हान नदीवर धुणं घेऊन गेली होती. घरात आम्ही दोघंच. मी पावडीवरचा पाय थांबवला.

"बाबा, ताणा वाळला. ओला हात फिरवा."

ते कांडी भरत राहिले. "कमल येऊ दे."

"तुमचाच हात पाहिजे. तिले सारखा नाही येत."

ते उठले. चुलीपाशी गेले, भांडं घेऊन आले आणि मागापाशी उभे राहिले. त्यांनी आधी खाली खड्ड्यात पाहिलं. मी पट्टी सोडली आणि पोटरी त्यांच्याकडे वळवली. बुट्ट्या आता एकमेकींत मिसळून गेल्या होत्या, कडा ओळखू येत होत्या एवढंच. कोरडी होती. बाबा गुडघ्यांवर बसले, वाकले आणि कोरड्या हाताचं एक बोट त्यांनी तिच्यावरून फिरवलं.

"दुखते का गा?"

"नाही."

मग त्यांनी दुसऱ्या हाताची बोटं भांड्यात बुडवली, हात हलकेच झटकला आणि ताण्यावरून फिरवला. सगळीकडे सारखा. मी उजव्या पायाने पावडी दाबली. एकही धागा तुटला नाही.